न बोलता गेलेले गिऱ्हाईक

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या जुन्या दुकानदाराला माल घेऊन जाणारे गिऱ्हाईक तर दिसेच, पण न घेता गेलेलेही दिसे. पायरीवर घुटमळून पुढे गेले ते कोण, वीस लुगडी उलगडायला लावून 'बघू, पुन्हा येऊ' म्हणाले ते कोण, आणि किंमत ऐकताच कोणत्या बाईने नवऱ्याकडे पाहिले, हे सारे तो डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपत असे. रात्री गल्ला मोजताना आलेल्या पैशाचा हिशेब त्याच्या वहीत असे आणि न आलेल्या पैशाचा डोक्यात. दुसऱ्या दिवशी तो मांडणी बदलत असे ती या दुसऱ्या हिशेबावरून.

आज मोबाईलवर जी दुकाने चालतात त्यांना ना पायरी, ना गादी. गिऱ्हाईक रात्री साडेअकराला येते, चार वस्तू पाहते, एक टोपलीत टाकते आणि टोपली तशीच टाकून निघून जाते. मालक त्या वेळी घोरत असतो. सकाळी त्याच्यापुढे येते ती फक्त मागण्यांची यादी. जे आले आणि गेले त्यांची यादी कोण देणार? ती देणाऱ्या विद्येला 'वेब ॲनालिटिक्स' असे भारदस्त नाव आहे. माझे पोट गेली काही वर्षे या विद्येवर चालते, म्हणून तिची थोडी ओळख वाचकांना करून द्यावी असे मनात आले. दिवाळीच्या दिवसांत निम्मे मराठी घर मोबाईलवर खरेदी करीत असते. आपण दुकानात शिरल्यावर पलीकडे काय काय टिपले जाते, हे गिऱ्हाइकालाही कळलेले बरे.

मुळात संगणकांच्या आपसातल्या बोलण्याला आठवण नसते. तुम्ही दुकानाचे एक पान उघडले, मग दुसरे उघडले, तरी पलीकडच्या यंत्राला तुम्ही प्रत्येक वेळी नवखेच. मग टोपलीत टाकलेली वस्तू टोपलीत राहणार कशी? ही अडचण १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्याने सोडवली. गिऱ्हाइकाच्याच संगणकावर एक बारीकशी चिठ्ठी ठेवून द्यायची, आणि ते पुन्हा आले की ती चिठ्ठी पाहून ओळखायचे. या चिठ्ठीला 'कुकी' म्हणतात. दुकानातल्या टोपलीची सोय म्हणून जन्मलेली ही चिठ्ठी पुढे गिऱ्हाइकाच्या मागावर राहण्याचे साधन झाली, पण त्याविषयी पुढे बोलू.

मोजणीची साधने प्रथम महाग होती. अमेरिकेत सॅन दिएगो शहरी 'अर्चिन' नावाची एक कंपनी असे साधन विकत असे. २००५ साली गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गूगल ॲनालिटिक्स' या नावाने ते साधन सर्वांना फुकट खुले केले. झुंबड अशी उडाली की थोड्याच दिवसांत नवी नावे घेणे थांबवावे लागले. अर्चिनचे नाव आता कोणाला आठवत नाही. पण जाहिरातीवरून आलेल्या दुव्याच्या शेपटीला 'यूटीएम' अशी अक्षरे चिकटलेली असतात, त्यातला 'यू' या अर्चिनचाच. धंदा विकला गेला, आडनाव तेवढे राहिले!

आता प्रत्यक्ष दुकानाकडे वळू. माझी एक आतेबहीण डोंबिवलीस राहते. मसाले, मेतकूट, चकलीची आणि थालीपिठाची भाजणी असा तिचा घरगुती धंदा. हाताखाली सात बायका. भाजणे, दळणे, भरणे हे सारे त्या करतात, आणि त्यांपैकी तिघींचे घर या पगारावरच चालते. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तिने ऑनलाइन दुकान थाटले. पहिले वर्ष बरे गेले, मग मागण्या अडल्या. जाहिरातीचा खर्च मात्र दरमहा नेमाने जाई. एक वेळ अशी आली की जाहिरात चालू ठेवावी तर एका बाईला घरी बसवावे लागेल, आणि जाहिरात बंद करावी तर सगळ्यांनाच. तेव्हा तिने मला बोलावले.

"अरे, महिन्याला हजारो माणसं येतात म्हणे दुकानात," ती म्हणाली. "मग घेत का नाहीत? फोटो वाईट आहेत का? का भाव चढे आहेत?"

"ताई, आधी आलेली माणसं आहेत का ते बघू," मी म्हटले.

हे थट्टेने म्हटले नव्हते. तिच्याजवळचा आकडा होता तो दुकानासाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मोजणीतला. त्या मोजणीत माणसांबरोबर यंत्रेही धरलेली असतात. शोधयंत्रांचे हेर, भाव टिपत हिंडणारे कार्यक्रम, असे कितीतरी पाहुणे दिवसभर दुकानात येऊन जातात. ते भाजणी घेणार नसतात. शिवाय पाकिटे भरणाऱ्या बायका वजन आणि भाव पाहायला दिवसातून दहा वेळा तेच दुकान उघडीत. त्याही गिऱ्हाईक म्हणून मोजल्या जात. हे सगळे गाळल्यावर राहिलेला आकडा बराच लहान निघाला. ताईचा चेहरा उतरला, पण मला उलट धीर आला. खोटी गर्दी गेली म्हणजे खऱ्या माणसांपैकी किती घेतात ते प्रमाण सुधारलेले दिसते, आणि दुकान आपल्याला वाटते तितके आजारी नसते.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. खरेदीचे टप्पे पाडायचे. वस्तू पाहिली, टोपलीत टाकली, पत्ता लिहायला घेतला, पैसे भरायला घेतले, खरेदी पुरी झाली. प्रत्येक टप्प्यावर किती माणसे उरली ते मांडायचे. या विद्येतले लोक याला 'फनेल' म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात रॉकेल ओतायला जे नरसाळे असे, तेच. फरक एवढाच की खऱ्या नरसाळ्यातून वर ओतलेले सगळे खाली उतरते आणि या नरसाळ्याला बाजूंनी भोके असतात. कोणते भोक मोठे, तेवढेच पाहायचे. डेन्मार्कमधली बेमार्ड नावाची एक संस्था अनेक पाहण्या एकत्र करून सरासरी काढीत असते; तिच्या हिशेबाने टोपलीत वस्तू टाकणाऱ्या शंभर जणांतले सुमारे सत्तर जण ती तशीच सोडून जातात. तेव्हा गळतीला घाबरून चालत नाही. ती कोठे आहे हेच पाहायचे असते.

ताईच्या दुकानात फोटो पाहून टोपली भरणारे पुष्कळ होते. म्हणजे फोटो वाईट नव्हते आणि भावही अवाजवी नव्हता. माणसे गळत होती पत्त्याच्या पानावर. संगणकावरून येणारे थोडे, मोबाईलवरून येणारे फार.

इथपर्यंत आकड्यांनी आणले आणि इथेच ते मुके झाले. माणूस कोठे थांबला हे आकडा सांगतो. का थांबला हे सांगत नाही. माझ्या धंद्यातली पुष्कळ मंडळी या जागी तर्क लढवू लागतात आणि गिऱ्हाइकाचा पैसा त्या तर्कावर उडवतात. मी ताईला म्हटले, "शेजारच्या काकूंना बोलाव. त्यांच्या हाती मोबाईल दे, पैसे तू दे, आणि त्यांना दोन पाकिटं मागवू दे. आपण मात्र एक अक्षर बोलायचं नाही."

काकू आल्या. भाजणी टोपलीत टाकली. पत्ता लिहिला. पिन कोडाच्या चौकटीत त्यांनी आपल्या वळणाप्रमाणे ४२१ लिहिले, थोडी जागा सोडली आणि २०१ लिहिले. पाकिटावर तो असाच लिहायची त्यांना सवय. चौकट लाल झाली आणि 'चुकीचे' एवढाच शब्द उमटला. काकूंनी पुन्हा तसेच लिहिले. पुन्हा लाल. "माझाच पत्ता मला चुकीचा म्हणतंय मेलं!" असे म्हणून त्यांनी मोबाईल खाली ठेवला. ताई तोंडावर हात ठेवून बसली होती.

सहा आकडे सलग लिहिले तरच चौकट घेत होती. मध्ये जागा सोडली की नाकारीत होती. दुकानाचा साचा ज्याने बनवला त्याच्या मनात ही गोष्ट कधी आलीच नसावी. या सहा आकड्यांची पद्धत पोस्टाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, संस्कृतातले कवी. गावोगावच्या अक्षरांचा आणि भाषांचा घोळ मिटावा म्हणून त्यांनी आकडे योजले. पन्नास वर्षांनी त्यांच्याच आकड्यांमुळे डोंबिवलीची भाजणी डोंबिवलीतच अडावी, ही गंमतच म्हणायची. साचा दुरुस्त करायला कारागिराला अर्धा तासही लागला नाही.

काकूंना पुन्हा बसवले. या वेळी पिन कोड पार झाला आणि दुसरे भोक उघडे पडले. १२० रुपयांच्या पाव किलो भाजणीवर ९० रुपये कुरिअरचा खर्च, आणि तो प्रथमच या ठिकाणी दिसत होता. काकू कुरिअरच्या रकमेकडे पाहून म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" हा प्रश्न डोंबिवलीपुरता नाही. बेमार्डच्या पाहण्यांत खरोखर घ्यायला आलेले लोक परत का गेले याची जी कारणे येतात, त्यांत वरखर्चाचे कारण नेहमी पहिले असते. माणसाला ९० रुपये जड होतात ते खरेच. पण ते शेवटी कळले याचा राग अधिक असतो.

याच जातीची एक गोष्ट आमच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील जॅरेड स्पूल यांनी ती २००९ साली लिहिली. एका मोठ्या दुकानात टोपली भरल्यावर, पैसे भरण्याआधी, 'नाव नोंदवा' असे बटण येत असे. चालकांना वाटे की एकदा नोंदले की गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी सोपे जाईल. स्पूल यांनी माणसांना पैसे देऊन खरेदीला बसवले, तेव्हा नवे लोक नोंदणीवर चिडतात आणि जुने लोक परवलीचा शब्द विसरतात असे दिसले. मग वही तपासली. ४५ टक्के गिऱ्हाइकांची नावे एकाहून अधिक वेळा नोंदलेली, काहींची तर दहा वेळा! रोज १ लाख ६० हजार लोक विसरलेला शब्द मागत आणि त्यांतले तीनचतुर्थांश पुढे खरेदीच करीत नसत. बटण काढून तेथे 'पुढे चला' असे लिहिले आणि नोंदणीची सक्ती नाही अशी एक ओळ टाकली. खरेदी ४५ टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. लोक ही गोष्ट बटणाची म्हणून सांगतात. मला तिच्यातले भावते ते हे की आधी माणसाजवळ बसले आणि मग वही उघडली.

ताईच्या दुकानाचा खप किती वाढला ते मी टक्क्यांत सांगणार नाही, कारण दुरुस्ती झाली ती गणपतीच्या तोंडावर. त्या दिवसांत खप तसाही वाढतो. त्यातला किती गणपतीचा आणि किती पिन कोडाचा हे प्रामाणिकपणे वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र दिसले की पत्त्याच्या पानावरून परतणारे कमी झाले, आणि तो फरक गौरी-गणपती उठल्यावरही टिकला. बाईला घरी बसवण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सणांवरून आठवले. ही साधने इंग्रजी महिने जाणतात, तिथी जाणत नाहीत. २०२३ सालचे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ सालचे २१ ऑक्टोबरला. या दोन वर्षांचा ऑक्टोबर शेजारी शेजारी ठेवला तर एकात दिवाळीचा सगळा खप आणि दुसऱ्यात जेमतेम सुरुवात. यंत्र हिरवा बाण दाखवते आणि मालक खूष होतो. पुढच्याच महिन्यात तांबडा बाण येतो आणि तो कोणाला तरी कामावरून काढतो. आम्ही ताईचा हिशेब वसुबारसेपासून मागे आठवडे मोजून मांडतो. भिंतीवरची दिनदर्शिका हे अजूनही त्या खोलीतले सर्वांत उपयोगी साधन आहे.

दुसरा घोळ जाहिरातीच्या श्रेयाचा. ताईची समजूत होती की खप होतो तो जाहिरातीने. पण 'थेट आलेले' या सदराखाली बरीच मोठी खरेदी दिसे. थेट म्हणजे दुकानाचा पत्ता स्वतः लिहून आलेले, असे यंत्र मानते. आता डोंबिवलीच्या मसाल्याच्या दुकानाचा पत्ता पाठ असलेली इतकी माणसे कोठून आली? व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून येणारे पुष्कळदा या सदरात पडतात. भिशीचे गट, माहेरच्या मंडळींचे गट, सोसायटीचे गट. तेथे कोणी तरी 'हिची भाजणी चांगली असते हो' असे लिहीत होते आणि खप होत होता. आम्ही ताईने पाठवायच्या दुव्याला ती अर्चिनची शेपटी लावली आणि मग कोठले गिऱ्हाईक कोठून आले ते उजेडात आले. जाहिरातीचा खर्च निम्म्यावर आणला. पूर्ण बंद केला नाही, कारण नवी ओळख गटातून होत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडची. गिऱ्हाईक घरी माल आल्यावर रोख देते त्या व्यवहारात मागणी आली की यंत्र 'विक्री झाली' असे लिहून मोकळे होते. चार दिवसांनी दार बंद, फोन बंद, पाकीट परत. या परतीला धंद्यात 'आरटीओ' म्हणतात. गाडीच्या परवान्याशी त्याचा संबंध नाही, पण त्रास तेवढाच. जातानाचे भाडे तुमचे आणि येतानाचेही तुमचे. म्हणून परत आलेल्या पाकिटांचा हिशेब त्या यंत्राबाहेर, साध्या वहीत, पिन कोडाप्रमाणे ठेवावा लागतो. येथे मोह असतो की ज्या पिन कोडातून पाकिटे परत येतात तेथे रोखीची सोयच बंद करावी. ताईने ते केले नाही. "एका लबाडापायी त्या गावच्या सगळ्या बायकांना कशाला शिक्षा?" असे तिचे म्हणणे. त्याऐवजी माल निघण्यापूर्वी ती त्या गिऱ्हाइकांना एक फोन करते. फोनवर जो बोलतो तो बहुधा पाकीटही घेतो.

मोठ्या कंपन्या याही पलीकडे जातात. एका पानाची दोन रूपे करायची, निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरे, आणि कोणते अधिक विकते ते पाहायचे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात २०१२ साली जाहिरातीच्या मथळ्याची मांडणी अशी बदलून पाहिली तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. हे वाचून लहान दुकानदारही असले प्रयोग करू लागतात. त्यांनी आधी गणित मांडावे. समजा, शंभरातले दोन घेतात आणि ते अडीच होतात का हे खात्रीने पाहायचे आहे. तर प्रत्येक रूपाला सुमारे १४ हजार माणसे दाखवावी लागतात. दिवसाला शंभर माणसे येणाऱ्या दुकानाला या एका प्रयोगास नऊ महिने लागतील. तोवर श्रावण, गणपती, दिवाळी सगळे होऊन जाईल. अशा दुकानाने प्रयोगाच्या फंदात न पडता काकूंना चहाला बोलवावे.

मध्यंतरी एक सल्लागार ताईकडे आला होता. त्याने सुचवले की प्रत्येक वस्तूखाली 'फक्त दोनच उरली' असे लिहावे आणि उलटे धावणारे घड्याळ लावावे. आकडे लगेच वर जातात. आकडे जातात हे खरे आहे. पण ताईची भाजणी मागणीप्रमाणे दळली जाते, दोनच उरण्याचा प्रश्नच नाही. शिवाय अशा खोट्या घाईला २०२३ सालच्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंदी घातली आहे. न मागता टोपलीत वस्तू सरकवणे, खर्च शेवटपर्यंत लपवणे, हेही त्याच यादीत आहे. तीच गोष्ट पाळतीची. ज्या चिठ्ठीने टोपली राखली, तिच्याच आधाराने माणूस कोठे कोठे हिंडला हे जोडत जाता येते. २०२३ साली त्याविषयी आपल्याकडे कायदा झाला. ताईच्या दुकानात आम्ही विक्रीला लागते तेवढेच मोजतो. नावागावाशी मोजणी जोडत नाही, कारण पत्त्याचे पान अडते हे कळायला तिथे अडलेल्या बाईचे नाव लागत नाही.

सर्वांत मौजेची वही शेवटी सांगतो. दुकानात वर शोधण्याची एक चौकट असते. लोक तिच्यात काय लिहितात आणि काय लिहिले असता काहीच सापडत नाही, हे यंत्राला जपून ठेवायला सांगता येते. ही यादी मालकाने आठवड्यातून एकदा वाचावी. ताईच्या यादीत 'चकली पीठ' पुन्हा पुन्हा आले होते. तिने वस्तूला नाव दिले होते 'भाजणी'. तिच्या घरात तिला पीठ म्हटले तर आजी रागावली असती! पण पुण्यामुंबईबाहेर वाढलेल्या, रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या मुलींना भाजणी हा शब्द कोठून सुचणार? वस्तू होती, गिऱ्हाईक होते, आणि मध्ये एक शब्द आडवा आला होता. आता तेथे दोन्ही नावे आहेत. 'कांदा लसूण नाही' हेही शब्द त्या यादीत होते, आणि चातुर्मास लागला तेव्हा वाढले. ताईच्या गोड्या मसाल्यात दोन्ही नसतात. पण ते पानावर कोठे लिहिलेच नव्हते, कारण तिला ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. त्या संध्याकाळीच तिने ते लिहिले. मागच्या आठवड्याच्या यादीत 'उपासाची भाजणी' सात वेळा दिसली. ती ताई अजून करीत नाही. राजगिरा आणि वरई आणायला बायका कालच वाण्याकडे गेल्या आहेत.